नवीन विद्यार्थिनी, थोडे प्रश्न (आणि मिक्सर आणू का?)

प्रेषक: ईरा
नमस्कार मंडळी,
मी पुण्याची. सप्टेंबरच्या टर्मला चिनी शिकायला तैपेईत येतेय. शिदा विद्यापीठाचं मँडरिन सेंटर, नऊ महिने, ह्वायू शिष्यवृत्ती (चिनी शिकणाऱ्यांसाठी तैवान सरकारची). वेळापत्रकात दिवसाला तीनच तास दिसतायत, म्हणजे बाकी दिवस मोकळा ना? काही पार्टटाइम काम मिळेल का? मी शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. आणि आईचा प्रश्न: मिक्सर बरोबर द्यायचा का?
– ईरा

प्रेषक: मुग्धा
ईरा, ये ये. मी इथे दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून मीच आधी लिहिते.

पार्टटाइमचं डोक्यातून काढ. भाषा शिकायला आलेल्यांना वर्षभर शिकून झाल्याशिवाय कामाचा परवाना मिळत नाही, आणि तुझे नऊच महिने. शिवाय शिष्यवृत्तीवाल्यांना आठवड्याला १५ तास बसावंच लागतं, सरासरी ८० च्या खाली गेली तर एका महिन्याचे पैसे थांबतात. हे ८० रोज सकाळी डोळ्यांसमोर येतात, कारण रोज 'थिंग-शिए' असतं. म्हणजे आपलं श्रुतलेखन. लाओशी (म्हणजे शिक्षक) शब्द म्हणणार, तू लिहिणार, आणि इथे जुनी, न सोपी केलेली अक्षरं. 'तैवान'मधल्या नुसत्या 'वान'ला २५ रेघा आहेत. मी पहिले दोन महिने दुपारी दोन ते रात्री अकरा चौकटींच्या वहीत रेघा ओढत होते. आजी म्हणाली, पहिलीत एवढा अभ्यास केला असतास तर! तर मोकळा दिवस हा असा.

माझ्या वर्गातल्या जपानी मुलांना निम्मी अक्षरं घरचीच, पण तोंडातून निघत नव्हती. आपलं बरोबर उलटं. कुणी सांगत नाही म्हणून सांगते: रोमन लिपी बघून वाचू नकोस, फसशील. रोमनमधला 'बी' म्हणजे आपला प, 'डी' म्हणजे त, 'जी' म्हणजे क. आणि 'पी, टी, के' म्हणजे फ (ओठ मिटून, 'फळ'मधला), थ, ख. म्हणजे तैपेई खरं तर 'थाय-पेइ', आणि बीजिंग 'पेइ-चिंग'. माझ्या अमेरिकन मैत्रिणीला ह्यासाठी तोंडासमोर कागद धरून फुंकर बघावी लागायची, आपल्याला बाराखडीतच मिळालंय. त्याहून भारी म्हणजे 'झेड'. तो म्हणजे 'चांगला'मधला च, आणि 'जे' म्हणजे 'चिंच'मधला च. माझ्या हिंदीभाषक वर्गमित्राला पहिला च काही केल्या जमेना, मी पहिल्या दिवशी बोलले तर लाओशींनी विचारलं, आधी कुठे शिकलीस? म्हटलं, सदाशिव पेठेत.

स्वरांत मात्र आपली वाट लागते. चार स्वर, पाचवा हलका. आपण प्रश्न विचारताना वाक्याचं शेपूट वर उचलतो, आणि इथे शेपूट उचललं की शेवटच्या शब्दाचा अर्थच बदलतो. आणि बाजारात वर्गातला उच्चार नसतो. वर्गात दहा म्हणजे 'श', चार म्हणजे 'स'. पेरूवाल्या आजी दोन्हीला 'स'च म्हणतात. १४ की ४०? मी बोटं दाखवते, त्या हसतात, आणि बरोबर तेवढेच पैसे घेतात.

खरी शिकवणी कचऱ्याच्या रांगेत होते. इथे रस्त्यावर कचराकुंडी क्वचितच दिसते. संध्याकाळी पिवळी गाडी बीथोव्हेनची धून वाजवत येते (पहिल्या दिवशी मला वाटलं आइस्क्रीमवाला आला), आणि सगळी गल्ली निळ्या पिशव्या घेऊन खाली उतरते. पिशव्या विकत घ्यायच्या, त्याच चालतात. बुधवारी आणि रविवारी गाडी नाही. त्या दहा मिनिटांत आमच्या गल्लीतल्या सगळ्या आज्या माझी परीक्षा घेतात: लग्न, पगार, भारतात गायी रस्त्यावर का. पुस्तकातला एकही धडा एवढा उपयोगी पडला नाही. कचऱ्याला इथे 'लऽ-सऽ' म्हणतात, चीनमध्ये 'ला-ची'. तू ॲपवर शिकून आली असशील तर 'ला-ची' म्हणशील आणि त्या लगेच ओळखतील.

खोली: 'थाओ-फांग' म्हणजे आत बाथरूम, 'या-फांग' म्हणजे बाथरूम सामायिक, स्वस्त. स्वयंपाकघर दोन्हीत बहुतेक नसतंच. माझ्या घरमालकिणीला मी 'आ-ई' म्हणते, म्हणजे मावशी. आईने व्हिडिओ कॉलवर हे ऐकलं आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.
– मुग्धा

प्रेषक: श्रीरंग (शिंचू)
मुग्धाचं सगळं मान्य, पण देवनागरीवर थांबू नको, ईरा. बोपोमोफो, म्हणजे उच्चार लिहायची इथली चिन्हं, शिकच. ३७ चिन्हं आहेत, आठवड्यात होतात. माझा मुलगा इथल्या शाळेत पहिलीला आहे, पहिले दहा आठवडे त्यांना फक्त तेच शिकवतात, आणि आता तो माझे उच्चार सुधारतो. मी इथल्या फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) सहा वर्षं आहे, ऑफिसात इंग्रजीवर निभावतं, त्यामुळे माझी चिनी डबा गरम करून मिळेल का ह्याच्यापुढे गेली नाही. मला कोणी सांगितलं असतं तर मीही कचऱ्याच्या रांगेत उभा राहिलो असतो. आमच्या इमारतीत तळघरात खोली आहे, कधीही नेऊन टाकायचं. सोय झाली, भाषा गेली.

आणखी एक, पावत्या फेकू नकोस. इथल्या प्रत्येक पावतीवर सरकारी सोडतीचा नंबर असतो, १९५१ पासून चालू आहे. विषम महिन्यांच्या २५ तारखेला निकाल, शेवटचे तीन आकडे जुळले तरी २०० डॉलर (इथले!). आकडे ऐकायचा सराव फुकट होतो. मला आजवर दोनदा लागलंय, दोन्ही वेळा २००.
– श्रीरंग

प्रेषक: वैशाली काकू
मुलीने विचारलं मिक्सरचं आणि तुम्ही सगळं सांगितलंत, मिक्सर सोडून. ईरा, मिक्सर मुळीच आणू नकोस. इथे वीज ११० व्होल्ट, आपला मिक्सर नुसता कण्हतो. इथला 'ता-थोंग'चा भांड्यातला कुकर घे. बाहेरच्या भांड्यात वाटीभर पाणी, आतल्यात डाळ-तांदूळ, पाणी संपलं की बटण आपोआप वर येतं. गणपतीत मी त्याच्यात मोदक उकडते, मोदकपात्राला लाजवतात. पण खोलीत चालतो का ते मालकिणीला आधी विचार.

बाहेर जेवायचं तर 'वो छ सू', म्हणजे मी शाकाहारी, एवढं म्हणायचं. 'सू'ची दुकानं गल्लोगल्ली आहेत, ताटात हवं ते घ्यायचं, वजनावर पैसे. जुन्या पद्धतीच्या सू जेवणात कांदा-लसूणसुद्धा नसतो, चातुर्मास आयता पाळला जातो. तू अंडं खात नाहीस, तर पाकिटावर 'तान-नाय-सू' असेल ते ठेवून दे, त्यात अंडं-दूध चालतं.

आता साबुदाणा. मुग्धा, तुझी एकादशी सांग ना.
– वैशाली

प्रेषक: मुग्धा
काकू! बरं. पहिल्या वर्षी आषाढीला खिचडी करायची ठरवली. बटाट्याला ॲपवर 'थू-तौ' शिकले होते, बाजारात ऐटीत मागितले, तर बाईंनी शेंगदाणे दिले. तैवानात थू-तौ म्हणजे शेंगदाणेच, बटाटा 'मा-लिंग-शू'. खिचडीला दोन्ही लागतात, म्हणून वाद घातला नाही. मग 'शी-कू-मी' घेतला, दिसायला हुबेहूब आपला साबुदाणा, आणि रात्री भिजत घातला. सकाळी पातेल्यात खळ. तो थंड पाण्यात विरघळतो, उकळत्या पाण्यातच टाकायचा असतो. उपास मी केळी आणि शेंगदाण्यांवर काढला, आणि खळ कचऱ्याच्या गाडीवर नेली. शिजलेलं अन्न वेगळ्या पिंपात टाकतात. पिंपाशी उभ्या आज्यांना हे काय आहे ते समजावताना मला 'उपास', 'विरघळणे' आणि 'देव' हे तिन्ही शब्द कायमचे पाठ झाले.

तेव्हा ईरा, मिक्सरच्या वजनाचा साबुदाणा आण. दोन किलो मला, एक काकूंना.
– मुग्धा

प्रेषक: ईरा
तीन किलो पक्का. आईने मिक्सर बॅगेतून काढला, त्या जागी आता गोडा मसाला आहे. श्रीरंगदादा, बोपोमोफो आजपासून सुरू. एकच शंका: कचऱ्याच्या रांगेत लग्नाबद्दल विचारलं तर काय उत्तर द्यायचं?
– ईरा

प्रेषक: मुग्धा
'लाओशी म्हणतात, आधी श्रुतलेखन.' मी हेच सांगते. आता त्यांनी मला तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा सुचवलाय. हा मेल फक्त ईराला पाठवायचा होता, सगळ्यांना गेला. माफ करा.