अनुभव धागा : निवडणुकीच्या दिवसांत गावाचे भविष्य कुणी रंगवले?

निवडणूक आली की आपल्या खानदेशात गावाच्या उद्याचे चित्र उमेदवार भाषणात काढतात, पेंटर भिंतीवर काढतात आणि वही, म्हणजे डफावरचे लोकगीत, म्हणणारे गाण्यात काढतात. विज्ञानकथा लिहिणाराही उद्याचेच चित्र काढत असतो. या गोष्टी ज्यांच्या आयुष्यात एकमेकींना येऊन भिडल्या असतील, त्यांनी आपला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो.

विज्ञान शिक्षक, यावल तालुका

आमच्या भागात फैजपूरच्या अधिवेशनाच्या गोष्टी अजून घराघरांत निघतात. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरले, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी अधिवेशनाची नगरी बांबूसारख्या गावाकडे सहज मिळणाऱ्या साहित्यातून सजवली. प्रांतिक निवडणुका तोंडावर आल्या होत्या, आणि शेतसारा कमी करण्याचा व शेतकऱ्याला कर्जातून सोडवण्याचा कार्यक्रम तेथेच मंजूर झाला. येऊ घातलेल्या राज्याचे ते चित्र लोकांना त्यांच्या ओळखीच्या वस्तूंतून दिसले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गेल्या विधानसभा निवडणुकीच्या आधी मी नववीच्या मुलांकडून विज्ञानकथा लिहून घेतल्या. जयंत नारळीकर यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती आणि ती पहिली आली, हे सांगून मी मुलांनाही कथेवर नाव घालू नका म्हटले. मतदान गुप्त का असते, हे त्यांना त्या दिवशी वेगळे शिकवावे लागले नाही. नियम एकच होता : कोणतीही एकच गोष्ट बदला, बाकी गाव आहे तसे ठेवा आणि त्या बदलाचे परिणाम शेवटपर्यंत लिहा. एका कथेत ट्यूबवेलचे पाणी कायमचे आटले होते. केळीची बाग मोडली, घड कापणारे मजूर सुरतेला गेले, ट्रक भरण्याच्या जागेवर गुरे बसू लागली, आणि तापी मात्र काही कोसांवरून वाहतच राहिली. त्या कथेत एकही यंत्रमानव नव्हता, तरी इतकी खरी विज्ञानकथा मी क्वचितच वाचली आहे.

पुढे गावातील सभेत शेतापर्यंत तापीचे पाणी आणण्याचे वचन दिले गेले. दुसऱ्या दिवशी एका मुलीने मला विचारले, ‘‘सर, पाणी इतके वर चढवायला वीज किती लागेल आणि तिचे बिल कोण भरेल, हे ते का बोलले नाहीत?’’ ती कथा कुणाची होती, हे मला तेव्हा कळले.

पेंटर, अमळनेर

मी 27 वर्षे भिंती रंगवल्या. घरमालकाची परवानगी घ्यायची, चुन्याचा हात द्यायचा, निळीच्या दोऱ्याने रेघ मारायची आणि आधी चिन्ह काढायचे, मग नाव लिहायचे, हा आमचा क्रम होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे, कारण बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हते. त्यामुळे चिन्ह चुकले तर सगळेच चुकले, असे माझे वडील सांगत. एका भिंतीला अर्धा दिवस लागे. तेवढ्या वेळात दहा माणसे मागे उभी राहत, या उमेदवाराने मागे काय केले याची उजळणी होई, आणि कधी कधी मलाच जाब विचारला जाई. फ्लेक्स रात्रीतून बांधला जातो. तो लागताना कुणी पाहत नाही, म्हणून त्याच्यापुढे ती चर्चाही होत नाही. माझे काम गेले याचे दुःख आहेच, पण ती चर्चा गेल्याचे दुःख मला अधिक वाटते.

शिक्षिका, शहादा

लहान असताना डोळ्याच्या बुबुळावरून माणूस ओळखण्याची कल्पना मी गोष्टीतच वाचली होती. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले, तेव्हा ती गोष्ट माझ्या दारात आली. पुढे मतदान केंद्रावर काम करताना एक आजी मत देऊन बाहेर आल्या. मत दिल्यावर यंत्राच्या काचेआड त्या मताची चिठ्ठी 7 सेकंद दिसते आणि आत पडते, हे आम्ही रांगेत समजावले होते. त्यांनी माझा हात धरून विचारले, ‘‘बाई, चिठ्ठी पडनी, मंग मनं मत पडनं ना?’’ यंत्र कसे चालते हे मला ठाऊक होते, पण त्यांना यंत्राकडून नव्हे, माझ्याकडून उत्तर हवे होते. मी ‘हो’ म्हटले, आणि त्या एका शब्दाची जबाबदारी मला आजही जाणवते.

वही गायकाचा मुलगा, धुळे तालुका

माझे वडील डफावर वही म्हणत आणि निवडणुकीत उमेदवारांसाठीही कडवी जुळवत. एकदा न झालेल्या रस्त्याचे कडवे गाळण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी घेतलेली सुपारी परत केली. त्या वर्षी आमच्या घरी पैशांची ओढाताण होती, पण आईने त्यांना एका शब्दाने दुखावले नाही. गेल्या निवडणुकीत मोबाईलवर अहिराणीतले एक प्रचारगीत आले. आवाज गोड होता, चाल ओळखीची होती. वडिलांनी ते दोनदा ऐकले आणि विचारले, ‘‘हाऊ मानूस कोनता गावना शे?’’ मी सांगितले की हा माणूस नाही, संगणकाने तयार केलेला आवाज आहे. ते बराच वेळ मोबाईलकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘मंग रस्ता झाया नही, त याले कोन इचारी?’’