बे ऑफ व्हेल्स: नाव आहे, उपसागर नाही

असं म्हणतात की अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरची नावं बहुतेक राजेराण्यांची किंवा पैसे देणाऱ्यांची आहेत. बे ऑफ व्हेल्स, म्हणजे देवमाशांचा उपसागर, हा त्याला सुंदर अपवाद. जानेवारी १९०८ मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी शॅकल्टन रॉस हिमफळीच्या, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या प्रचंड बर्फाच्या थराच्या, कडेने पूर्वेकडे निघाला होता. आधीच्या मोहिमेत पाहिलेली चिंचोळी खाच त्याला जागेवर दिसलीच नाही. कडा तुटून तिथे रुंद उपसागर झाला होता आणि त्यात देवमासेच देवमासे. त्यावरूनच हे नाव पडलं.

मला यातला भूगोल फार आवडतो. या उपसागराला खडकाचा किनारा नव्हता, सगळ्या भिंती तरंगत्या बर्फाच्या. दक्षिणेला बर्फाखाली रूझवेल्ट बेट गाडलेलं आहे. समुद्राकडे सरकणारी हिमफळी त्याला अडते, दोन्ही बाजूंनी फाकून पुढे जाते आणि बेटाच्या आडोशाला खाच राहते. कडा तुटत राहतो, खाच मात्र साधारण तिथेच पुन्हा तयार होते. नॉर्वेच्या अमुंडसेनने ब्रिटिश नाविक जेम्स रॉसच्या १८४१ च्या नोंदी ताडून हे टिकाऊपण ओळखलं आणि १९११ मध्ये तिथेच फ्रामहाइम हा तळ टाकला. खालचा बर्फ जमिनीला टेकलेला आहे हा त्याचा अंदाज चुकला, पण जागेची निवड अचूक ठरली. दक्षिण ध्रुव त्याने तिथूनच गाठला.

पुढे अमेरिकन शोधप्रवासी बर्डचे तळही इथेच झाले. १९८७ मध्ये बी-९ हा सुमारे १५४ किलोमीटर लांबीचा हिमनग सुटला आणि उपसागराचा तो आकारच गेला. म्हणून जुन्या नकाशांवरची वर्षं बघूनच ते वाचावेत.