'बेडी तुटली' म्हणणाऱ्यांनो, हप्ता कोण भरणार?

शिरोलीकर
काल इथं एकानं लिहिलं, 'नोकरी गेली म्हणजे बेडी तुटली. धाडस करा, मनासारखं काम धरा.' ते वाचल्यापासून डोकं शांत नाही, म्हणून लिहितोय.

माझी नोकरी गणपतीच्या आदल्या आठवड्यात गेली. फौंड्रीत तपासणीला अकरा वर्षं काढली. ओतीव कास्टिंगवर नुसता हात फिरवला तरी ब्लो-होल, म्हणजे हवेचं छिद्र, कुठं आहे ते कळायचं. शिफ्ट सुटताना बोलावलं, 'उद्यापासून येऊ नका.' बायकोला तीन दिवस सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि रंकाळ्यावर बसायचो. मला पेटी (हार्मोनियम) वाजवायची आवड आहे, वडिलांची जुनी पेटी घरात आहे. पण पेटीवर घराचा हप्ता भरता येतो का? ती ओळ लिहिणाऱ्यानं एवढंच सांगावं.

उद्यमनगर
ती ओळ माझीच. मी लेथवर होतो, २०२० ला काम गेलं. सुभाषनगरात एका मामांकडं वर्षभर चप्पल शिकलो. रापी, म्हणजे कातडं कापायचं हत्यार, धरताना बोटं कापून घेतली. आज कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार, बनवून विकतो. पहिले आठ महिने बायकोच्या पगारावर घर चाललं, हे लिहायला हवं होतं. पण धाडस केलं नसतं तर आजही कुणाच्या तरी गेटवर उभा असतो. रडून काय मिळतंय भावा?

वेणीवाली
तुम्ही शिकलात त्याच सुभाषनगरातली मी. माझ्या आज्ज्यानं, बापानं तेच केलं. त्याला कुणी आवड म्हटलं नाही, जात म्हटलं. शाळेत माझ्या शेजारी बसायला पोरी तयार नव्हत्या, घरात कातड्याचा वास येतो म्हणून. तुम्ही रापी धरली की धाडस आणि आम्ही सोडली तर 'परंपरा बुडवली'?

उद्यमनगर
मी जात कुठं काढली? कष्ट केलेत. कातडं किती महाग झालंय ठाऊक आहे का? २०१५ च्या कायद्यानं बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, ते कातडं मिळेना. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेला माल मिळवायला किती हिंडावं लागतं? आणि बाजारात रेक्झिनचा जोड 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून खपतोय.

वेणीवाली
कातड्याचा भाव मला शिकवू नका. माझी आई चपलांच्या कातडी वेण्या घालते, जोडामागं मोजून पैसे मिळतात. पाठ धरली, डोळे गेले. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, मिरवणूक निघाल्यासारखा आनंद झाला सगळ्यांना. आईचा दर एका रुपयानंही वाढला नाही. तुमच्या वेण्या कोण घालतं, ते सांगा आधी.

भाऊसिंगजी रोड
दोघंही जरा दमानं घ्या. शाहू महाराजांच्या पदरी असलेले दलित गंगाराम कांबळे आठवा. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून पागेत मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' हॉटेल निघालं. लोक चहाला फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः तिथं जाऊन चहा प्याले. कोल्हापुरात धाडसाची गोष्ट सांगायची तर ही सांगा.

शिरोलीकर
काका, त्यांच्या पाठीशी छत्रपती होते. माझ्या पाठीशी बँकेचा फोन आहे.

भाऊसिंगजी रोड
बरोबर. म्हणूनच सांगितली. एकट्याच्या हिमतीवर ते हॉटेल चाललं नसतं.

कामगार बाजू
चपलेवरून भांडताय, पण याला हिशोब मिळाला का, हे कुणीच विचारलं नाही. वर्षात २४० दिवस भरले असतील तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. ग्रॅच्युइटी वेगळी. मला ठेकेदाराकडून मुद्दाम ब्रेक देत होते, २४० भरू नयेत म्हणून. सात वर्षं राबलो, कागदावर नवखाच राहिलो. न वाचता कुठल्याही कागदावर सही करू नका.

शिरोलीकर
केली सही. त्या दिवशी हात थरथरत होता, वाचलंच नाही. पगाराच्या चिठ्ठ्या मात्र सगळ्या जपून ठेवल्यात.

कामगार बाजू
मग अजून वेळ गेलेली नाही. चिठ्ठ्या वर्षावार लावा आणि सोमवारी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चला. मी येतो बरोबर.

उद्यमनगर
शिरोलीकर, 'बेडी' हा शब्द चुकला माझा. पण पेटी विकू नका, एवढं ऐका. मी लेथची माझी हत्यारं विकली, ते अजून सलतंय.

आणि ताई, वेण्या दोन बायका घालतात. एक तुमच्याच गल्लीतली आहे. चपलेच्या डब्यावर माझंच नाव आहे, हे खरं.

वेणीवाली
मग डब्यावर त्यांचं नाव घाला आणि दर वाढवा.

उद्यमनगर
नाव घालतो. दर दिवाळीनंतर बघतो.

वेणीवाली
दिवाळीच्या आधी. विक्री तेव्हाच असते.