मदत हवी आहे : लाल स्वेटर पिवळा करताना शेवाळी होतो

नमस्कार. एका छायाचित्रातील व्यक्तीचा गडद लाल लोकरी स्वेटर मला लिंबासारखा पिवळा करायचा आहे. मी फोटोशॉप वापरतो. मूळ फाइल आठ बिटची जेपेग आहे आणि तिची रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) माझ्याकडे नाही.

प्रथम ‘रिप्लेस कलर’ वापरून पाहिले. ‘फझीनेस’ (जवळच्या छटा कितपत निवडायच्या ते ठरवणारा आकडा) कमी ठेवले की घड्यांमधला काळपट लाल निवडीबाहेर राहतो आणि वाढवत नेले की ओठ, गाल व कानाच्या पाळ्याही निवडल्या जातात. वर्णचक्रावर लाल शून्य अंशावर आणि पिवळा 60 अंशांवर असल्यामुळे ‘ह्यू’ (वर्णचक्रावरील रंगाची जागा) +60 केला. पण त्वचेचा रंग साधारण 20 ते 30 अंशांच्या आसपास असल्याने तीही तेवढीच पुढे सरकली आणि चेहरा हिरवट झाला. (कावीळ झाल्यासारखा दिसला असता तर एक वेळ चालवून घेतले असते!) ‘रिप्लेस कलर’ला मास्कसह (बदल कुठे दिसावा हे ठरवणाऱ्या झाकणीसह) वेगळा लेयर म्हणजे थर मिळत नाही, म्हणून तो मार्ग सोडून पेन टूलने स्वेटरची कड आखली आणि मास्क केला. त्वचेचा प्रश्न तेवढ्यावर मिटला.

खरी अडचण पुढे आहे. मास्क लावलेल्या ‘ह्यू/सॅच्युरेशन’ लेयरमध्ये तोच बदल केल्यावर 150, 25, 30 (लाल, हिरवा व निळा यांची 0 ते 255 मधील मूल्ये) हा लाल सुमारे 150, 145, 25 होतो आणि हा रंग डोळ्यांना पिवळा नव्हे, शेवाळी वाटतो. त्याऐवजी पिवळ्या रंगाचा लेयर ‘कलर’ मोडमध्ये (रंग वरच्याचा, तेज खालच्याचे) ठेवला तर स्वेटर आणखीच काळवंडतो. ‘लाइटनेस’ वाढवल्यास सगळ्यावर पांढुरकी साय धरते व विणीचे टाके पुसट होतात. रंग बदलून झाल्यावर ‘कर्व्ह्ज’ने उजळल्यास जेपेगचे 8 गुणिले 8 पिक्सेलांचे चौकोन उघडे पडतात.

कारण मला थोडेफार कळले आहे. एसआरजीबी या पडद्यांच्या प्रमाण रंगपद्धतीच्या हिशेबाने शुद्ध लाल रंगाचे तेज पांढऱ्याच्या सुमारे 21 टक्के, तर शुद्ध पिवळ्याचे सुमारे 93 टक्के असते. त्यामुळे रंगाबरोबर उजेडही चौपटीहून अधिक वाढायला हवा. घड्या आणि वीण शाबूत ठेवून एवढा उजेड आणायचा कुठून, हा माझा मुख्य प्रश्न आहे. शिवाय लोकरीच्या तंतूंभोवती लाल झाक उरते, तिचे काय करावे, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर :

हवा असलेला उजेड आपल्या फाइलमध्येच आहे. ‘चॅनेल्स’ (लाल, हिरवा व निळा यांच्या वेगवेगळ्या करड्या प्रती) उघडून तिन्ही चॅनेल एकेक करून पाहावेत. हिरव्या आणि निळ्या चॅनेलमध्ये स्वेटर जवळपास काळा दिसेल, मात्र लाल चॅनेलमध्ये तोच करडा आणि टाक्यांसकट स्पष्ट दिसेल. म्हणून रंग फिरवण्याऐवजी आधी तो काढून टाकावा. ‘चॅनेल मिक्सर’मध्ये ‘मोनोक्रोम’ निवडून लाल 100 आणि इतर दोन शून्य ठेवावेत, त्यावर ‘लेव्हल्स’चा उजवा (कोणते मूल्य पांढरे धरायचे ते ठरवणारा) स्लायडर आत आणून करडा रंग उजळ करावा आणि सर्वांत वर पिवळ्या रंगाचा लेयर ‘मल्टिप्लाय’ मोडमध्ये (खालच्या सावल्या राखून रंग चढवणाऱ्या) ठेवावा. तिन्ही लेयर एका ग्रुपमध्ये घेऊन आपला मास्क ग्रुपलाच लावावा, म्हणजे कड सुधारायची झाल्यास एकाच ठिकाणी सुधारावी लागेल.

कडेच्या झाकेला बहुधा जेपेगच कारणीभूत आहे. बऱ्याच जेपेग फाइलींमध्ये तेज प्रत्येक पिक्सेलचे, पण रंग चार पिक्सेलांना मिळून एकच साठवलेला असतो. त्यामुळे लाल रंग कडेबाहेर पसरतो आणि मास्क कितीही काटेकोर केला तरी तो तिथे राहतोच. नवा रिकामा लेयर ‘कलर’ मोडमध्ये घेऊन, पार्श्वभूमीचा रंग ड्रॉपरने उचलून, मऊ ब्रशने कडेवरून हलका हात फिरवावा. हनुवटीखाली पडलेली स्वेटरची लाल छायाही पाहावी. पिवळ्या स्वेटरवर लाल छाया टिकली, तर बाकी काम चोख असूनही छायाचित्र खोटे वाटते.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. लाल चॅनेल पाहून थक्क झालो. त्यात प्रत्येक टाका मोजता येतो. ‘लेव्हल्स’चा उजवा स्लायडर 190 वर आणल्यावर उजळ भाग अगदी हवा तसा पिवळा झाला आणि चौकोनही दिसेनासे झाले. केवळ काखेतील व कोपरावरील खोल घड्या अजूनही शेवाळी दिसत आहेत.

उत्तर :

पिवळ्यात काळा मिसळला की डोळ्यांना तो हिरवट भासतो आणि ‘मल्टिप्लाय’मध्ये सावलीत नेमके तेच घडते. पिवळा लेयर काढून त्या जागी ‘ग्रेडियंट मॅप’ (गडद ते उजळ छटांना क्रमाने रंग देणारा लेयर) घ्यावा. त्यात गडद टोकाला तपकिरी, मध्ये केशरीकडे झुकणारा गेरू आणि उजळ टोकाला आपला पिवळा ठेवावा. मधला बिंदू डावीकडे सरकवल्यास गेरू रंग फक्त घड्यांपुरता मर्यादित राहील.