मदत हवी आहे: जुन्या होंडा सिटी व्हीटेकला टर्बो बसवायचाय, ब्लॉक कोणता ठेवावा? (पुणे)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. एमएच-१२ पासिंग, पहिल्या दिवसापासून आमच्याच घरात. इंजिन आता तेल खायला लागलंय, सकाळी चालू केली की निळा धूर येतो आणि चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन सारखं नाही. म्हणजे इंजिन उतरवायचं हे ठरलं. उतरवतोच आहे तर नुसतं रिंगा-बेअरिंगवर न थांबता टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारं यंत्र) बसवायचा बेत आहे. गाडी रस्त्यावरचीच राहणार: रोज कोथरूड ते हिंजवडी, आणि सुट्टीच्या दिवशी ताम्हिणी. चाकांवर साधारण १८० ते २०० हॉर्सपॉवर मिळाली तरी मी खूश. बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, ०.६ ते ०.७ बारपर्यंत. कंपनीचा मूळ आकडा १०६ आहे, तोही क्रँकवरचा, त्यामुळे मागणी मोठी आहे याची जाणीव आहे.

अडलंय ते ब्लॉकपाशी, म्हणजे सिलेंडर असतात त्या इंजिनच्या मुख्य सांगाड्यापाशी. या इंजिनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत ओतकामातच बसवलेले पातळ लोखंडी लायनर (सिलेंडरच्या आतल्या नळ्या), आणि ओपन डेक. म्हणजे वरच्या टोकाला सिलेंडरभोवती पाणीच पाणी, बाहेरच्या भिंतीचा आधार नाही. बूस्ट वाढला की सिलेंडरचं वरचं टोक हलायला लागतं आणि हेड गास्केट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) जातं, असं सगळीकडे वाचतोय. नुसतं ०.५० मिमी बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले तर ७५ मिमीचा बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ७५.५ होतो आणि १४९३ चे १५१३ सीसी होतात. त्या वीस सीसीसाठी आधीच पातळ असलेली भिंत आणखी पातळ करायला मन घेत नाही.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. एक, आपलाच ब्लॉक भोसरीत नेऊन जाड डक्टाइल आयर्नचे (चिवट ओतीव लोखंडाचे) लायनर बसवून घेणं. दुसरी, बाहेरून तयार स्लीव्ह केलेला, म्हणजे जाड लायनर आधीच बसवलेला ब्लॉक मागवणं. अमेरिकेत डार्टन, गोल्डन ईगल ही यातली जुनी नावं, पण तिकडचा भर जास्त करून होंडाच्या बी आणि के या इंजिन मालिकांवर. तिसरी वाट त्यातूनच निघते: आपल्या इंजिनची डी-मालिका सोडून बी मालिकेतलं बी१८सी बसवायचं, बोअर ८१ गुणिले स्ट्रोक ८७.२ मिमी, १७९७ सीसी. या मालिकेसाठी डार्ट या कंपनीचा जाड भिंतींचा ॲल्युमिनियम ब्लॉकसुद्धा आलेला आहे, पुढे कधी जास्त ताकद हवी वाटली तर तो मार्ग मोकळा राहतो. के२० चा विचार मी सोडला आहे. ते इंजिन उलट्या दिशेने फिरतं, इनटेक पुढे आणि एक्झॉस्ट फायरवॉलकडे, म्हणजे केबिनच्या बाजूला. माउंटिंगपासून शाफ्टपर्यंत सगळंच नव्याने करावं लागेल.

पैशांपेक्षा मला काळजी आहे ती इंजिन नंबरची. नंबर ब्लॉकवरच ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर आणि गाडीतला नंबर वेगळे. गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागतं, २०१६ आणि २०२१ ला झालं, आता २०२६ चं दारात आहे. इन्स्पेक्टर चेसिस आणि इंजिन नंबर बघणारच. ही गाडी मला विकायची नाही आणि कागदावर अडकलेलीही नकोय.

आणखी एक. एका मशीन शॉपमध्ये मला सांगितलं की ब्लॉक गार्ड टाका, म्हणजे पाण्याच्या जागेत वरून ठोकून बसवायची कडी, लायनरची गरज नाही. स्वस्त आहे. पण मेमध्ये चांदणी चौकात अडकलेल्या गाडीत वरच्या टोकाचं पाणी अडवणं मला पटत नाही. कोणी हे वापरून बराच काळ गाडी चालवली आहे का? आणि ॲल्युमिनियम ब्लॉकला लायनर बसवण्याचं चोख काम पुण्यात करून घ्यायचं तर कामगाराला नेमकं काय विचारावं?

प्रतिसाद:

बरीच वर्षं बोअरिंग-होनिंगच्या (सिलेंडर कोरून आतून घासण्याच्या) कामात आहे, म्हणून लिहितो. तुमचा प्रश्न ब्लॉकचा आहे, पण तुमच्या आकड्याला आधी हरतात ते कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा. १८०-२०० ला चांगले फोर्ज्ड रॉड, फोर्ज्ड पिस्टन आणि हेड स्टड घातले तर मूळ लायनरचा ब्लॉकही साथ देतो, अट एवढीच की भिंती जाड आणि सरळ असल्या पाहिजेत. त्यामुळे काहीही मागवण्याआधी ब्लॉक मोजून घ्या. बोअर गेजने प्रत्येक सिलेंडर वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी. अल्ट्रासोनिकने भिंतीची जाडी. डेक (ब्लॉकचा वरचा सपाट पृष्ठभाग) सरळ आहे का, मेन बेअरिंगच्या बोअर एका रेषेत आहेत का. तुमचं इंजिन तेल खातंय म्हणजे बोअर लंबगोल झाली असण्याची शक्यता भरपूर आहे. तसं निघालं तर ०.२५ ला भागतंय का बघा, ०.५० ला जाऊ नका.

मोजल्यावर लायनर लागलेच तर आपल्याच ब्लॉकला लावा. मात्र हे ट्रॅक्टरच्या ब्लॉकला लायनर ठोकण्यासारखं काम नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गार असताना घट्ट वाटणारा लायनर गरम इंजिनात सैल होतो, खाली बसतो आणि हेड गास्केट जातं. म्हणून वर कॉलर असलेलाच लायनर घ्या, म्हणजे तो पायरीवर टेकून राहतो. कामगाराला विचारा: किती इंटरफिअरन्स (लायनर भोकापेक्षा किती मोठा) ठेवणार, ब्लॉक तापवून बसवणार की गारच दाबणार. गार दाबणार म्हणाला तर तिथून उठा. लायनर बसवल्यावर डेक फेसिंग झालंच पाहिजे, आणि मेन बोअर पुन्हा तपासल्याच पाहिजेत, कारण दाबाने ब्लॉक हलतो.

शेवटचं होनिंग टॉर्क प्लेट लावूनच. हेडऐवजी जाड प्लेट, तुम्ही वापरणार तेच स्टड, तोच टॉर्क, मग होन. स्टड कसल्यावर बोअरचा आकार बदलतो, प्लेटशिवाय गोल केलेली बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. आपल्याकडे ही प्लेट या इंजिनसाठी तयार मिळणार नाही, बनवून घ्यावी लागेल. तो खर्च जरूर करा, तिथे वाचवू नका. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर फायनल करू देऊ नका. २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा पिस्टन ४०३२ च्या पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, त्याला क्लिअरन्स (मोकळी जागा) जास्त लागतो आणि गार इंजिनात खडखड ऐकू येते. रोज हिंजवडीला जायचं असेल तर माझं मत ४०३२ ला.

ब्लॉक गार्ड रस्त्यावरच्या गाडीत नकोच. तुमची शंका रास्त आहे. पाणी अडतं ते एक, आणि कडी ठोकून बसवताना बोअरचा आकार बिघडतो ते दुसरं.

प्रतिसाद:

नंबरबद्दल थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ बघा. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलं. इंजिन बदललं तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असंही त्याच कलमात आहे. त्याच क्षमतेचं, त्याच प्रकारचं इंजिन बिलासकट नोंदवणं एक गोष्ट, १४९३ च्या जागी १७९७ सीसी नोंदवायला जाणं अगदीच वेगळी. बाहेरच्या कोऱ्या ब्लॉकवर तर नंबरच नसतो. स्वतःहून नंबर ठोकण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका, तो गुन्हा आहे.

टर्बोलाही हाच नियम लागू होईल का, हे संगम पुलाजवळच्या आरटीओत स्वतः जाऊन विचारा, एजंटवर सोडू नका. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून क्लेम नाकारला जातो.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. बी१८ चा विचार आजपासून बंद. आपलाच ब्लॉक ठेवणार, आधी मोजून घेणार, आणि रॉड-पिस्टनचं बजेट पहिलं बाजूला काढणार. टर्बोची मांडणी आरटीओत विचारून झाल्यावरच. एक राहिलं: पेट्रोल आता सगळीकडे इ२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. त्याचा ब्लॉकवर काही परिणाम?

प्रतिसाद:

ब्लॉकवर नाही, ट्यूनिंगवर. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ धरतात, इ२० ला ते साधारण १३.५ वर येतं, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त लागतं. इंजेक्टर आणि पंप त्या हिशेबाने मोठे घ्या, रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घ्या. मिश्रण लीन राहिलं (इंधन कमी पडलं) आणि नॉकिंग (इंधन अवेळी भडकून बसणारे ठोके) सुरू झालं तर कितीही जाड लायनर असला तरी पिस्टन तुटतो. नॉकवर कान ठेवून ट्यून करणारा माणूस आधी शोधा. पुण्यात काही पंपांवर १०० ऑक्टेन मिळतं, पण मॅप (ट्यूनिंगचं सेटिंग) रोजच्या पेट्रोलवरच बसवा, कारण ताम्हिणीत ते मिळणार नाही. आणि ब्लॉक धुवायला-ब्लास्टिंगला देताना नंबरची जागा टेप लावून झाकायला सांगा. ब्लास्टिंगमध्ये अक्षरं पुसट झाली की पासिंगला तोच प्रश्न पुन्हा उभा राहील.