धाप उतरली, इसब उठलं: ही बरं होण्याची दिशा की ऋतू?

कृष्णाकाठ: होमिओपॅथीत हेरिंगचा नियम सांगतात. बरं होताना आजार वरून खाली, आतून बाहेर, जास्त महत्त्वाच्या अवयवाकडून कमी महत्त्वाच्याकडे सरकतो आणि लक्षणं आली त्याच्या उलट क्रमानं जातात. म्हणून दम्याच्या पोराची धाप उतरून कोपराच्या घडीत इसब उठलं की ‘औषध लागू पडलं’. मला ही घाई वाटते.

मिरजकर_होमिओ: घाई करणारे आहेत, पण त्यात नियमाचा दोष नाही. तेच इसब, त्याच जागी पूर्वी होतं का? झोप, भूक सुधारली का? कधीच नसलेलं लक्षण आलं तर ती दिशा नव्हे, औषध चुकलंय. जुनं परतलं तर डोस पुन्हा द्यायचा नाही, थांबायचं. आणि कुठलं दुखणं कोणत्या वर्षी सुरू झालं ते पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचं. नंतर विचारलं तर घरच्यांना आपल्याला हवं तेच आठवतं.

कृष्णाकाठ: शेवटचं शंभर टक्के मान्य. पण स्टेरॉइडचं मलम त्याच आठवड्यात बंद केलेलं असतं, इसब उसळणारच. त्यात साबुदाणा गोळ्यांचं काय कर्तृत्व? शिवाय आपल्या भागात हिवाळ्यात ऊस तुटतो, फडातलं पाचट जाळतात, धाप वाढते. एप्रिलपर्यंत धूर सरतो, दमा आपोआप हलका होतो, आणि घामानं कोपर-मान खाजायला लागते. झालं, आतून बाहेर! औषध न घेणाऱ्याचंही.

हळदपेठ: वाद घाला, पण घरात पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजायची नळी, ठेवा. उभं राहून तीन फुंका, त्यातला मोठा आकडा वहीत, सकाळ-संध्याकाळ. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली सावध, ५० खाली पंप (इनहेलर) ओढून थेट दवाखाना. पुरळ आलं म्हणून पंप बंद करणं जिवावर बेततं. आणि बोटांच्या बेचक्यात रात्री खाज, घरातल्या सगळ्यांनाच खाज, तर ती खरूज. दिशाबिशा काही नाही. ५ टक्क्यांचं परमेथ्रिन हे खरजेचं मलम सगळ्यांना एकाच रात्री, आठवड्यानं पुन्हा.

मिरजकर_होमिओ: खरूज मान्य, पंपाचंही मान्य. पण पंप तोच, मलम तेच, आकडा चढता आणि इसब जुन्या जागी, तरी ऋतूच म्हणणार?

कृष्णाकाठ: एका केसवरून, हो. धाप वाढली की ‘अ‍ॅग्रॅव्हेशन’ (म्हणे औषधानं आधी त्रास वाढतोच), पुरळ आलं की ‘दिशा’, काहीच झालं नाही की ‘थांबा’. हरलो कधी म्हणणार, ते आधी लिहा.

मिरजकर_होमिओ: लिहितो. इसब गेलं आणि आकडा उतरला, तर माझं औषध चुकलं.

हळदपेठ: डॉक्टर, मुदत लिहायची राहिली.