सवाईच्या मांडवातला तुमचा अनुभव सांगा

डिसेंबर जवळ आला की पुण्यात "यंदा सवाईला आहेस ना?" सुरू होतं. सवाई गंधर्व म्हणजे गायक रामभाऊ कुंदगोळकर गेले १९५२ मध्ये. पुढच्याच वर्षी शिष्य भीमसेन जोशींनी त्यांच्या स्मरणार्थ हा शास्त्रीय संगीताचा उत्सव सुरू केला. तुम्ही कधी गेलात, काय लक्षात राहिलं? गाण्याबद्दलच लिहायला हवं असं नाही.

*

रमणबाग शाळेचं मैदान. तेव्हा रात्रभर चालायचं. बाबांबरोबर जायचो, कानटोपी घालून, आणि दोन-तीन गायकांनंतर सतरंजीवरच आडवा. पहाटे बाबा खांदा हलवायचे, "ऊठ, अण्णा बसले." अण्णा म्हणजे भीमसेनजी. गालावर सतरंजीची नक्षी उमटलेली, समोर दोन तंबोरे जुळतायत. गाणं काय कळणार त्या वयात! पण पहिला षड्ज लागला की अख्खा मांडव सावरून बसायचा, ते कळायचं.

*

फिरोज दस्तूर! बुवा स्टेजवर आले रे आले की मागून आरोळी, "गोपालाऽ!" 'गोपाला मेरी करुणा' गायल्याशिवाय लोक त्यांना सोडतच नसत. दरवर्षी तीच फर्माईश, आणि ते दरवर्षी तितक्याच गोडव्याने गात. नवीन काहीतरी ऐकायचं म्हणून मी एकदा वैतागलो होतो. आज स्वतःचीच लाज वाटते.

*

माझा अनुभव चहाचा. भारतीय बैठकीत जागेवर शाल टाकून पाच मिनिटांसाठी उठले. परत येते तो शालीवर एक आजोबा मांडी घालून बसलेले, गुडघ्यावर ताल धरलेला, तोही चुकीचा. उठवायचा धीर होईना. शेवटी त्यांनीच सरकून अर्धी जागा दिली, वर डब्यातला लाडू.

*

सगळे जुन्या रात्रींबद्दल लिहितायत, तर माझी तक्रारही ऐका. मी सवाईला जायला लागलो तेव्हा रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम आलेला होता. त्यामुळे उत्तररात्रीचा दरबारी किंवा पहाटेचा ललित त्याच्या वेळेला, मांडवात बसून, मी ऐकलेलाच नाही. शेजाऱ्यांना झोप हवी हे मान्य. पण रागांना वेळ असते म्हणायचं आणि संध्याकाळीच मैफल उरकायची, हे कसं जमायचं?

*

वरच्यांना: खरंय. तरी गर्दी हटत नाही. भीमसेनजी २०११ मध्ये गेले, उत्सवाच्या नावात 'भीमसेन' जोडलं गेलं, २०१८ला रमणबाग सुटून मुकुंदनगर आलं. मला वाटलं होतं, आता मजा गेली. मग शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांची भैरवी लावली, 'बिन देखे परे नाही चैन'. जुनी ध्वनिमुद्रिका, मागे खरखर. माझ्या पुढची कॉलेजातली मुलगी पिशवी भरत होती, तिने चेन अर्धवट ठेवली आणि पुन्हा खाली बसली.